नाव तिचं, पोस्ट तुमची

ऑगस्ट २०२४ मधला तो आठवडा आठवतोय? कोलकात्याच्या आर. जी. कर मेडिकल कॉलेजमध्ये ९ ऑगस्टला एका निवासी डॉक्टर तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला आणि पुढच्या दोन-चार दिवसांत देशभरातले कॅम्पस पेटून उठले. आपल्याकडे मार्डचे निवासी डॉक्टर संपावर गेले. मोर्चे निघाले, मेणबत्त्या लागल्या, डीपी काळे झाले. आणि याच गर्दीत स्टेटसवर, स्टोरीवर, रीलवर एक फोटो फिरायला लागला. हसरा चेहरा, खाली पूर्ण नाव, त्याच्या आधी 'जस्टिस फॉर' आणि मागे एखादं दर्दभरं गाणं.

ज्यांनी तो फोटो टाकला त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. उलट चीड होती आणि ती खरी होती. तरीही २० ऑगस्टला सुप्रीम कोर्टाला आदेश काढावा लागला की, तिचं नाव, तिचे फोटो, व्हिडिओ सगळ्या सोशल मीडियावरून ताबडतोब काढून टाका. म्हणजे न्याय मागणाऱ्या लाखो पोस्ट स्वतःच बेकायदा होत्या!

'अरे, पण ती तर गेली. आता नाव लपवून काय उपयोग?' हा प्रश्न तेव्हा कट्ट्यावर हमखास यायचा. प्रश्न साधा वाटतो, पण माध्यम कायद्याचा आणि पत्रकारितेतल्या नीतीचा बराचसा भाग या एका प्रश्नात अडकलेला आहे. बीएएमएमसीला असाल तर हे तुमच्या सिलॅबसमध्ये येतं, परीक्षेपुरतं पाठही होतं. नसाल तरी वाचा, कारण कायद्याला तुमची डिग्री कोणती याच्याशी काही देणंघेणं नाही.

कलम आहे भारतीय न्याय संहितेचं ७२वं. १ जुलै २०२४ च्या आधी हेच भारतीय दंड संहितेत २२८-अ म्हणून होतं. बलात्कारासारख्या गुन्ह्यातल्या पीडितेचं नाव, किंवा तिची ओळख पटू शकेल अशी कोणतीही गोष्ट छापली किंवा प्रसिद्ध केली, तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि वर दंड. आता यातली गंमत बघा. कलमाची सुरुवात 'जो कोणी'ने होते. 'जो कोणी पत्रकार' असं त्यात नाही. हे कलम झालं १९८३ साली. तेव्हा काही छापायचं तर छापखाना लागायचा, संपादक लागायचा, निदान एक मुद्रितशोधक तरी लागायचाच. म्हणजे नाव बाहेर पडण्याआधी तीन-चार जणांच्या नजरेखालून जायचं. आज ते सगळे तुम्ही एकटेच आहात, आणि 'शेअर'चं बटण अंगठ्याखाली आहे. २०१८ च्या डिसेंबरमध्ये निपुण सक्सेना खटल्याचा निकाल देताना सुप्रीम कोर्टाने छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांच्या जोडीला सोशल मीडियाचंही नाव स्पष्टपणे घेतलं, ते यामुळेच.

बरं, हे फक्त पोरांनाच माहीत नसतं असं समजू नका. २०१८ च्या जानेवारीत जम्मूतल्या कठुआमध्ये आठ वर्षांच्या मुलीवर अत्याचार करून तिला मारलं गेलं. एप्रिलमध्ये देशभर त्याची चर्चा सुरू झाली आणि नामवंत वृत्तपत्रांनी, चॅनेलांनी, वेबसाइट्सनी तिचं नाव आणि फोटो सर्रास दाखवला. दिल्ली उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि बारा माध्यमसंस्थांना प्रत्येकी १० लाख रुपये भरायला लावले. हे पैसे जम्मू-काश्मीरच्या पीडित भरपाई निधीत जमा करायचे होते. कोर्टात यांच्या वकिलांनी सांगितलं काय, तर कायद्याची नीट कल्पना नव्हती आणि मुलगी हयात नाही म्हटल्यावर नाव दिलं तर चालतं असा समज झाला. ज्या न्यूजरूममध्ये कायदा सल्लागार पगारावर असतो, तिथलं हे उत्तर! कट्ट्यावरचा प्रश्न आणि हे उत्तर सारखंच आहे, फक्त एकाला टाय होता.

मृत्यूनंतरही नाव उघड करता येत नाही. आई-वडिलांनी 'छापा' म्हटलं तरी पेपराला ते थेट छापता येत नाही. निपुण सक्सेना निकालात कोर्टाने म्हटलं की, पीडिता हयात नसेल आणि तिच्या नातेवाइकांची तशी इच्छा असेल, तरी ते खरंच गरजेचं आहे का हे सत्र न्यायाधीश ठरवतील. आंदोलनाला एखादं नाव, एखादं प्रतीक हवंच असेल तर ते खऱ्या नावाशिवायही उभं करता येतं. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर 'निर्भया' हे नाव तसंच आलं. हैदराबादमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरात पशुवैद्यक तरुणीची हत्या झाली तेव्हा पोलिसांनी तिला 'दिशा' म्हणा असं आवाहन केलं. अर्थात ते आवाहन आलं तेव्हा तिच्या खऱ्या नावाचा हॅशटॅग आधीच ट्रेंड होऊन बसला होता.

नाव नाही, मग ओळख कशी?

आता खरी गोम पुढे आहे. 'आम्ही नाव दिलेलं नाही' असं म्हणून बातमीदार मोकळा होतो आणि तिथेच बहुतेक वेळा घोळ होतो. त्या निकालात सुप्रीम कोर्टाने दिलेलं एक उदाहरण वाचून डोक्याला हात लावाल. एका प्रकरणात चॅनेलवाल्यांनी मुलीचं नाव घेतलं नाही, पण तिने अमुक राज्याच्या बोर्डाच्या परीक्षेत पहिला नंबर काढला होता, असं सांगून टाकलं. बोर्डात पहिली आलेली मुलगी! तिचं नाव शोधायला किती सेकंद लागतील? दुसऱ्या एका फुटेजचाही कोर्टाने उल्लेख केला. त्यात मुलीचा चेहरा नीट झाकला होता, पण तिचे नातेवाईक, शेजारी, गावाचं नाव सगळं लख्ख दिसत होतं. कोर्टाने सांगितलं की, हीसुद्धा ओळख उघड करणंच आहे.

प्रत्यक्षात हे कसं होतं ते बघू. समजा, एका तालुक्यातली घटना आहे. पहिल्या पेपराने गावाचं नाव दिलं, बाकी काही नाही. दुसऱ्याने गाव टाळलं, पण 'अकरावी सायन्सची विद्यार्थिनी' असं लिहिलं. तिसऱ्याने दोन्ही टाळलं आणि 'वडील एसटीत कंडक्टर' एवढंच छापलं. तिघांनीही आपापल्या परीने काळजी घेतली. पण गावातल्या हेअर कटिंग सलूनमध्ये तिन्ही पेपर येतात. तिथे बाकड्यावर बसलेल्या माणसाला दोन मिनिटं पुरतात. आणि बातमी सर्वात जास्त कुठे वाचली जाते? त्याच गावात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला ती कोण, कुठली याने काहीच फरक पडत नाही. ज्याला फरक पडतो तो तिच्या गल्लीत राहतो. त्यामुळे चांगला बातमीदार कॉपी लिहून झाली की ती त्या गल्लीतल्या माणसाच्या नजरेने वाचतो. कायद्यात ही वाचायची रीत सांगितलेली नाही, ती धंद्यातली शिस्त आहे.

चेहरा ब्लर केला की झालं, हाही असाच एक गोड गैरसमज. आवाज तसाच राहतो. घराचा दरवाजा, दारातली स्कूटी, युनिफॉर्मचा रंग, हातावरचं गोंदण हे सगळं तसंच दिसत राहतं. (त्यावर उतारा म्हणून पेपर काय छापतात? गुडघ्यात डोकं घालून कोपऱ्यात बसलेल्या मुलीची ती काळी सावली, खाली 'प्रतीकात्मक छायाचित्र'. इतकी वर्षं त्याच सावल्या! गुन्हा ज्याने केला तो त्या चित्रात कधीच नसतो.)

देसाईगंजची मुलगी

हा कायदा कुठून आला, हे आपण महाराष्ट्रातल्यांनी तर माहीत करून घ्यायलाच हवं. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी किशोरवयीन मुलीवर अत्याचार झाला. देसाईगंज आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा ते चंद्रपुरात होतं. आरोपी दोघे पोलीस. सत्र न्यायालयात ते सुटले, नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवलं आणि शेवटी सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडून दिलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, मग तिची संमतीच असणार, असा त्या निकालाचा सूर होता. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यावरून देशभर मोर्चे निघाले, स्त्री संघटना रस्त्यावर आल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराबद्दलच्या तरतुदींबरोबर ओळख उघड न करण्याचं कलमही याच दुरुस्तीतून आलं.

पण हा खटला आजही देशभर त्या मुलीच्याच नावाने ओळखला जातो. लॉच्या पुस्तकात, भाषणात, यूपीएससीच्या नोट्समध्ये सगळीकडे तिचं नाव आहे. ज्या दोघांवर आरोप होता त्यांची नावं किती जणांना सांगता येतील? ज्या मुलीमुळे पुढच्या लाखो जणींना ओळख झाकायचा हक्क मिळाला, तिला स्वतःला तो कधी मिळालाच नाही. इथे तरी मी ते नाव लिहीत नाहीये.

यावर कोणी म्हणेल, आणि म्हणावंच, की लाज गुन्हेगाराची असते, मग तोंड तिने का लपवायचं? मुद्दा एकदम रास्त आहे. कोलकात्याच्या पार्क स्ट्रीट प्रकरणात सुझेट जॉर्डन यांना हेच पटलं नाही. २०१२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला, माध्यमांत त्या 'पार्क स्ट्रीट रेप व्हिक्टिम' झाल्या. २०१३ मध्ये त्या स्वतःच्या नावाने, उघड्या चेहऱ्याने टीव्हीवर आल्या आणि २०१५ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत त्या नावानेच बोलत राहिल्या. कायदा त्यांच्या आड आला नाही. हयात आणि सज्ञान स्त्रीने स्वतः लेखी परवानगी दिली तर तिचं नाव देता येतं, ही सोय त्याच कलमात आहे. म्हणजे कायदा 'तोंड लपव' असं म्हणत नाही. तो म्हणतो, नाव सांगायचं की नाही, कधी सांगायचं आणि कोणापुढे सांगायचं हे ती ठरवेल. मी नाही, तुम्ही नाही, चॅनेल नाही.

जिथे ती ठरवायला उरलेली नाही तिथे मात्र पेच आहे, आणि तो सुटलाय असं मी म्हणणार नाही. २०१५ च्या डिसेंबरमध्ये दिल्लीतल्या एका कार्यक्रमात निर्भयाच्या आईने मुलीचं नाव सगळ्यांसमोर घेतलं होतं, मला लाज वाटायचं कारण नाही असं सांगत. त्या आईला चूक कोण म्हणेल? तरीही पेपरात आजही 'निर्भया'च छापलं जातं.

बदलापूर आणि पुणे

मुलं लहान असतील तर नियम आणखी कडक होतात. पोक्सो कायद्याचं २३वं कलम नाव, पत्ता, फोटो, कुटुंबाची माहिती यांच्या जोडीला शाळा आणि परिसर यांचाही उल्लेख करतं. आता बदलापूर आठवा. सुप्रीम कोर्टाने कोलकात्याबद्दल आदेश दिला त्याच २० ऑगस्ट २०२४ ला बदलापूर स्टेशनात लोक रुळांवर उतरले होते. शाळेतल्या दोन चिमुकल्या मुली, तक्रार घ्यायला पोलिसांनी लावलेला उशीर, शाळेने गप्प बसणं हे सगळं बाहेर आलं आणि दोन दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. या सगळ्यात शाळेचं नाव सर्रास छापलं, दाखवलं गेलं. बचाव काय, तर शाळा दोषी आहे, तिला उघडं पाडायलाच हवं.

पाडायला हवं, यात वाद नाही. पण ज्यांना जाब विचारायचा होता ते पोलीस, शिक्षण विभाग आणि कोर्ट यांना शाळा कोणती ते ठाऊकच होतं. तिथल्या पालकांनाही ठाऊक होतं. 'बदलापूरमधील एक शाळा' एवढ्यावरही उशिराचा हिशेब मागता आला असता. किती तास, कोणत्या अधिकाऱ्याने, कोणाच्या सांगण्यावरून, हे प्रश्न विचारायला शाळेच्या नावाची पाटी दाखवावी लागत नाही. शाळेचं नाव, त्यात वर्ग आणि वय मिळवलं की त्या दोघींचं पुढचं अख्खं शालेय आयुष्य त्या पाटीखाली जातं.

आणि गुन्ह्याचा आरोप असलेलं मूल? इथे तुमचं डोकं फिरेल, माझंही फिरलं होतं. पुण्याच्या कल्याणीनगरमध्ये १९ मे २०२४ च्या पहाटे पोर्शे गाडीने दोन तरुण आयटी इंजिनीअरांचा जीव घेतला. गाडी चालवणारा सतरा वर्षांचा. बाल न्याय मंडळाने जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायची अट घातली आणि लोक भडकले. बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमानुसार अशा मुलाचीही ओळख उघड करता येत नाही. पेपरांनी त्याचं नाव टाळलं. वडील मात्र स्वतःच आरोपी झाले होते, त्यामुळे त्यांचं नाव-आडनाव रोज पहिल्या पानावर होतं आणि मुलाची ओळख फक्त कागदावर झाकलेली राहिली. एवढ्यावर भागलं नाही. त्याने माजात येऊन रॅप केलाय, असं सांगणारा एक व्हिडिओ तुमच्याही ग्रुपवर आला असेल. तो व्हिडिओ त्याचा नव्हताच, दुसऱ्याच कोणाचा होता. हे पोलिसांनी सांगेपर्यंत तो घराघरांत पोहोचला होता. मरण पावलेल्या दोघांच्या घरच्यांना त्या खोट्या व्हिडिओने काय दिलं? रक्ताचा नमुना बदलल्याचा आरोप, त्यात अडकलेले डॉक्टर, ठाण्यातली पहाट या बातम्या शोधल्या त्या बातमीदारांनी, चिकाटीने. त्यातल्या एकाही बातमीला मुलाच्या चेहऱ्याची गरज पडली नव्हती.

माध्यमांवर लक्ष कोण ठेवतं, असं विचाराल तर उत्तर फारसं दिलासा देणारं नाही. प्रेस कौन्सिल ऑफ इंडियाने पत्रकारितेची आचारसंहिता लिहिलेली आहे. पण कौन्सिलचा अधिकार छापील माध्यमांपुरता, आणि तोही ताशेरे ओढण्यापुरता. चॅनेलांची स्वतःची स्वनियमन यंत्रणा आहे, ती तिच्या सदस्य चॅनेलांपुरती. आणि चूक कोर्टाकडूनही होते, बरं का. गोव्यात २०२१ मध्ये एका गाजलेल्या खटल्याच्या निकालपत्रातच तक्रारदार तरुणीची ओळख पटेल असे उल्लेख राहिले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाला ते काढून टाकायचे आदेश द्यावे लागले.

आता तुमच्या कॅम्पसवर या. इन्स्टावर 'कन्फेशन्स' नावाचं पेज बहुतेक कॉलेजांच्या नावाने असतंच, चालवणारा कोण ते कोणालाच माहीत नसतं. समजा, एखाद्या सरांबद्दल किंवा सीनिअरबद्दल लैंगिक छळाची तक्रार झाली. त्याच संध्याकाळी पेजवर येतं, 'सेकंड इयर कॉमर्स, डान्स ग्रुपमधली आहे, कळलं ना कोण?' नाव कुठेय? नाहीच. पण कमेंटमध्ये कोणीतरी टॅग करतोच. मग कोणीतरी त्या पोस्टचा निषेध म्हणून तिचाच स्क्रीनशॉट आपल्या स्टोरीला लावतो, म्हणजे ज्या दोनशे जणांना माहीत नव्हतं त्यांनाही कळतं. अशी पोस्ट दिसली तर रिपोर्ट करा, लिंक अंतर्गत समितीला द्या, सायबर पोलिसांकडे तक्रार करा. निषेध स्वतःच्या शब्दांत लिहा, तिच्या वर्णनाशिवाय.

ज्या २०१३ च्या कायद्याने कॉलेजात ही अंतर्गत समिती आली, त्याच्या १६व्या कलमात तक्रारदार, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो आणि साक्षीदार या तिघांचीही ओळख, आणि चौकशीचा तपशीलही जाहीर करायला मनाई आहे. पण त्याच कलमात पुढे असंही म्हटलंय की, पीडितेला न्याय मिळाला ही माहिती नावं-पत्ते न देता सांगायला हरकत नाही. चौकशी ९० दिवसांत संपवायची असते आणि वर्षभरात किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या याचा अहवालही द्यायचा असतो. तुमच्या कॉलेजच्या समितीत कोण आहे, ती शेवटची कधी बसली, गेल्या वर्षी किती तक्रारी आल्या, किती ९० दिवसांत संपल्या आणि किती अजून पडून आहेत? कॉलेजच्या मॅगझिनसाठी एवढे पाच प्रश्न घेऊन प्रिन्सिपलच्या केबिनबाहेर उभे राहा. पहिल्या दिवशी उत्तर मिळणार नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा जा.